वार्डनबाईंचा खुला इतवार

"कलावंत असशील तू तुझ्या घरी. इथं तू खोली नंबर तीन."

हे मी माझ्या कानांनी ऐकलेलं आहे. समोर बडोद्याकडून आलेला एक दाढीवाला मूर्तिकार होता, चांगला दांडगा गडी. दिवस पार डोक्यावर आलेला आणि हा बाजेवर चादर ओढून पडलेला. वार्डनबाई त्याच्या उशाशी उभं राहून स्टीलचं ताट चमच्यानं बडवून राहिल्या होत्या. तो हिंदीत कुरकुरला की रात्रभर काम केलं, झोपू द्या. बाई म्हणाल्या, "रातभर तो चौकीदार भी जागता है, पर सुबह उठ के नहाता है." बाईंचं समजावणं हिंदीत निघायचं आणि राग मराठीत. हिंदीनं काम झालं नाही, मग ते खोली नंबर तीनचं वाक्य आलं. त्याला मराठी किती समजलं देव जाणे, पण उठला बिचारा. न उठून जातो कुठं? अंघोळ केली, लाइनीत बसून जेवला आणि स्वतःचं ताट स्वतः घासून पालथं घातलं. महिनाभरानं जाताना हा दांडगा गडी बाईंच्या पायाशी वाकला तेव्हा बाई त्याला म्हणाल्या, "चादर घडी केली का?"

सुलोचना गजभिये हे त्यांचं खरं नाव, पण छिंदवाड्याकडच्या आमच्या सौंसर गावात ते कोणी घेत नसे. मुलींच्या सरकारी छात्रावासात, म्हणजे होस्टेलात, त्यांची सारी नोकरी वार्डन म्हणून गेली. रिटायर झाल्या तरी भाजीवालीपासून तहसीलच्या बाबूपर्यंत सगळे त्यांना वार्डनबाईच म्हणत. रिटायर झाल्यावर माणूस काय करतो? तीर्थाला जातो, नातवंडं खेळवतो, गुडघ्याला तेल चोळत बसतो. बाईंनी रामाकोन्याच्या रस्त्यावर, संत्र्याच्या पेट्या भरायच्या जुन्या शेडात, कलाकारांचं होस्टेल काढलं. बाहेरगावचे चित्रकार, मूर्तिकार यायचे, महिना-दोन महिने राहायचे, आपलं काम करायचे. आणि महिन्याच्या शेवटच्या इतवारी शेडाचं फाटक उघडं. कोणीही यावं, कोण काय करून राहिलं ते पाहावं, विचारावं, चहा प्यावा. बाई ह्याला खुला इतवार म्हणायच्या.

मी पेंटर. चित्रकार नव्हे हो, पेंटर. दुकानाच्या पाट्या, मोटारसायकलचे नंबर, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, असलं सगळं. फ्लेक्स आलं आणि माझा ब्रश वाळून गेला, तेव्हा माझ्याकडे वेळच वेळ होता. शेडाची पाटी रंगवायला बाईंनी बोलावलं आणि त्यांच्या तावडीत जो सापडलो तो सुटलोच नाही. कधी बल्ब लाव, कधी फाटकाला ग्रीस लाव, कधी पाहुण्या पोरीला सौंसरच्या बसस्टँडवरून घेऊन ये.

त्या पाटीचीच गोष्ट सांगतो. पहिल्यांदा मी मोठ्या हौसेनं, अक्षरांना मागून सावली देऊन, 'आर्टिस्ट रेसिडेन्सी' असं रंगवलं. आता नागपूर रोडला जितके लॉज आहेत ते सगळे रेसिडेन्सीच. आठवडा झाला नसेल, बियाण्याच्या कंपनीचा एक एजंट सुटकेस घेऊन हजर. म्हणे एसी रूम आहे का. बाईंनी त्याला पाणी दिलं, हात धुवायला लावले, पोटभर जेवू घातलं आणि मग म्हणाल्या, "रूम है भाई, पर चित्र निकालना पडेगा." तो जो पळाला! दुसऱ्या दिवशी मला फर्मान.

"पेंटर, थे पुसा. कलाकारांचं होस्टेल, असं लिहा. सरळ."

"बाई, होस्टेल म्हटलं की सारी स्टाइल जाते."

"स्टाइल तुमच्या मोटारसायकलीच्या नंबरावर ठेवा."

लिहिलं सरळ.

बाईंना चित्रातलं काही कळत नव्हतं, आणि हे त्या कोणालाही तोंडावर सांगत. पण पाहुण्याला तोंडदेखलं "बढिया है" म्हणायची शेडात बंदी होती. नगरपालिकेचे एक साहेब एकदा आले, हात मागे बांधून गरकन एक फेरी मारली, म्हणाले बढिया, बहोत बढिया. बाईंनी त्यांना दारात अडवलं. "काय पाहिलं साहेब?" साहेब गडबडले. "नाही, बढिया काय होतं थे सांगा." साहेबांना परत आत जावं लागलं. दुसऱ्या खेपेला चांगला अर्धा तास लागला, आणि बाहेर आले ते त्या दाढीवाल्याच्या दगडाबद्दल तावातावानं भांडतच आले. बाई खूष. त्या दिवशी साहेबांना दोनदा चहा मिळाला.

हे खुल्या इतवाराचं खूळ त्यांच्या डोक्यात घातलं ते वर्षानं. वर्षा त्यांच्या छात्रावासातली पोरगी, चित्रकला शिकली आणि पुढे कोकणात समुद्राकाठच्या एका कलाकेंद्रात नोकरीला लागली. तिनं बाईंना एकदा तिकडे नेलं. तिथं देशोदेशीचे कलाकार येऊन राहायचे आणि ठरल्या दिवशी लोक त्यांच्या खोल्या पाहायला यायचे. परत आल्यावर मी विचारलं, बाई, समुद्र कसा होता? बाई जरा विचार करून म्हणाल्या, "आवाज लय. बंदच नाही होत." बस, समुद्राचं एवढंच. पण त्या उघड्या खोल्यांबद्दल मात्र बोलता थांबेनात. "लोक आत जाऊन राहिले पेंटर. कोणी कोणाले विचारून नाही राहिलं की तू काऊन आला. मासे विकणारी बाई बी टोपलं बाहेर ठेवून आत जाऊन आली. आपल्या इथं कराचं असं."

ह्यात एवढं काय आहे, हे तेव्हा मला कळलं नाही. नंतर एकदा, शेडात झाडू मारता मारता, त्यांनीच सांगितलं. त्या स्वतः लहानपणी होस्टेलात वाढलेल्या. शाळेनं एकदा सगळ्या पोरींना नागपूरला चित्रांचं प्रदर्शन दाखवायला नेलं. होस्टेलच्या पोरींना दाराशी लाइनीत उभं केलं, आधी बाकीच्यांचं पाहून होऊ द्या म्हणून. बाकीच्यांचं पाहून झालं आणि वेळ संपला. "मले एका फोटोची चौकट दिसली," बाई म्हणाल्या, "आत काय होतं माहीत नाही." एवढं बोलून त्यांनी कचरा भरला आणि टाकायला गेल्या. मला राग आला होता, आणि तो कोणावर काढावा हे कळत नव्हतं.

शेड होतं शेषराव पाटलांचं. त्यांनी हायवेला संत्रा धुवायची-निवडायची मशीन बसवली, तेव्हापासून हे जुनं शेड रिकामं पडलेलं. रिकामं आहे तोवर वापरा, असं त्यांनी बाईंना सांगितलं होतं. वर्ष गेलं, आणि पाटलाच्या पोरानं शेड पाडून लग्नाचं लॉन करायचं काढलं. पाटील बाईंना भेटायला आले. माणूस वाईट नव्हता, पण बोलायचा रोखठोक.

"बाई, बाहेरगावच्या चार पोट्ट्यांसाठी मी जागा अडवून नाही ठेवत. गावातले लोक येत असतीन तर सांगा. मी ह्या इतवारी येऊन पाहातो."

आता गोची हीच होती. सौंसरहून मास्तर लोक यायचे, कॉलेजची पोरं यायची, मोहगावहून एक डॉक्टर आपल्या बायकोला घेऊन यायचे. पण ऐन शेडामागची जी मजुरांची वस्ती, तिथलं कोणी आत येत नव्हतं. त्यातल्या बायांची तर ह्याच शेडात संत्रा निवडण्यात जिंदगी गेली. मशीन आली तेव्हा त्यांचं काम गेलं, आणि आता त्या कापूस वेचायला जायच्या. दर खुल्या इतवारी त्या यायच्या, पण फाटकापर्यंतच. पदर खोचून, कंबरेवर हात ठेवून उभ्या राहायच्या, आत वाकून पाहायच्या आणि जायच्या. बाई फाटकाशी खुर्ची टाकून बसलेल्या असायच्या. "या ना वो, आत या." "नाही बाई, इथूनच दिसते." एकदा मी चिडून म्हटलं, बाई, त्यांना यायचं नाही तर जाऊ द्या, तुम्ही काय पायघड्या घालता! बाई म्हणाल्या, "पेंटर, त्या ह्या फाटकातून कामाशिवाय कधी आत नाही आल्या. विनाकाम आत येऊन कराचं काय, हे त्याइले समजून नाही राहिलं." आणि मग हळूच, "आपल्याले बी सांगता नाही येऊन राहिलं."

त्या महिन्यात शेडात नंदिनी नावाची पोरगी होती, वर्षाच्याच समुद्राकाठच्या केंद्रातून आलेली. काटकुळी, चष्म्याची, बोलायला एकदम मऊ. आल्या आल्या ती कापसाच्या प्रेमातच पडली. तिकडे कोकणात कुठला कापूस! शेडाच्या फरशीवर तिनं पांढऱ्या कापसाचा लांबच्या लांब थर पसरला, गादीसारखा. मग रोज वावरात जाऊन सुकलेल्या पानांचा चुरा, बोंडांची टरफलं, काडीकचरा वेचून आणायची आणि त्या पांढऱ्यावर एक एक कण ठेवत बसायची. चिमट्यानं! मी म्हणायचो, अवो ताई, लोक कापसातला कचरा काढतात, तुम्ही घालून राहिल्या. ती हसायची. हळूहळू त्या कचऱ्याची एक तपकिरी, नागमोडी रेघ झाली. ती कन्हान नदी होती. रामाकोन्याच्या पुलावर उभं राहून जशी दिसते तशी, रेतीच्या पट्ट्यांसकट. मी पेंटर माणूस, मला सहसा कोणाचं कौतुक वाटत नाही. पण ती रेघ मी रोज येऊन पाहायचो.

तो इतवार उजाडला. पाटील दुपारी येणार होते. बाईंनी चेहऱ्यावर काही दाखवलं नाही, पण सकाळपासून फाटक दोनदा पुसून झालं होतं, त्यावरून काय ते समजा. खुल्या इतवारी भजी तळायची कलाकारांचीच पाळी असायची आणि त्या दिवशी पाळी होती नंदिनीची. होस्टेल म्हणजे होस्टेल. ती मागं चुलीपाशी, मी शिडीवर वायर ओढत, बाई फाटकाशी.

बाया नेहमीसारख्या आल्या आणि नेहमीसारख्या थांबल्या. त्यात दुर्पताबाई पुढं. ही दुर्पताबाई म्हणजे वस्तीतली तोंडाळ बाई, काम मात्र तिच्यासारखं कोणाचं नाही. ती टाच उंचावून आत पाहू लागली, आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"काय वो बाई, कोणाचा कापूस हाय हा? असा कचऱ्याचा?"

बाई काही बोलायच्या आतच ती फाटकातून आत आली. फरशीवर बसली, पाय दुमडले, आणि त्या पांढऱ्या थरातून पहिली काडी उचलली. "बाप्पा, काय हाल केले कापसाचे!" मग दुसरी बाई आली. मग तिसरी. बघता बघता सगळ्या आत. दोन्ही बाजूंनी रांग धरून बसल्या, आणि बोटं चालू झाली. कोणाच्या सुनेचं बाळंतपण, कोणाच्या नवऱ्याची दारू, गप्पा रंगात, आणि गप्पांबरोबर कन्हान साफ होऊन राहिलेली. हसू नका. मी शिडीवरून अक्षरशः उडी मारली.

बाईंनी माझं मनगट धरलं. "थांबा पेंटर."

"बाई, त्या पोरीचं महिन्याचं काम—"

"माहीत आहे मले."

त्यांनी हात सोडला नाही. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. जन्मभर पोरींना "हात नको लावू, लांबून पाह्य" म्हणत आलेली ही बाई, आणि आज तीच मला अडवून राहिली होती. बाई त्या बसलेल्या बायांकडे टक लावून पाहून राहिल्या होत्या. डोळ्यांत पाणी होतं, हे मी सांगतो तर कोणाला खरं वाटणार नाही. वार्डनबाईंच्या डोळ्यांत पाणी! पण होतं.

भज्यांची परात घेऊन नंदिनी आली तेव्हा रामाकोन्याच्या पुलापर्यंतची सारी नदी गेलेली होती. परात तिनं खाली ठेवली, टाकली नाही. मऊ पोरगी. मग तिला कळलं की बाई सगळा वेळ इथंच होत्या.

"तुम्ही पाहत होतात? आणि थांबवलं नाहीत त्यांना?"

"नाही थांबवलं," बाई म्हणाल्या. "चूक माही आहे. शिव्या मले दे, त्याइले नको देऊ."

"पण का?"

बाईंनी बायांच्या रांगेकडे हात केला. म्हणाल्या, "त्या आत येऊन बसल्या ना."

नंदिनी रडायला लागली. म्हणाली, संध्याकाळच्या गाडीनं जाते मी नागपूरला. दुर्पताबाईनं हातातली काडी तशीच धरून विचारलं की पोरगी काऊन रडून राहिली. मी तर तापलोच होतो. म्हटलं, अवो, तुम्ही कचरा नाही काढला, तुम्ही कन्हान नदी उचलून टाकली! ह्या पोरीनं ती एक एक काडी ठेवून काढली होती!

"बाप्पा!" दुर्पताबाईनं तोंडावर हात घेतला. "कन्हान होती काय थे?"

सगळ्या एकमेकींकडे पाहू लागल्या. एक म्हणाली, मले वाटलंच होतं, कचरा असा वळणावळणानं नाही पडत. दुसरी तिच्या अंगावर खेकसली, मंग तवाच बोलाले काय झालं होतं, तोंडात काय घातलं होतं? मग दुर्पताबाई नंदिनीकडे वळली. आवाज उतरलेला.

"पोरी, कचरा कुठी नाही गेला. हे पाह्य, बाजूले ढीग करून ठेवला. चूल पेटवाले नेणार होतो. ठेवून देतो वापस. रडू नको माय."

नंदिनीनं नको नको म्हणेपर्यंत काम सुरू झालंसुद्धा. आणि मग जी भांडणं लागली! दुर्पताबाई म्हणे नदी इकडून, तिची जाऊ म्हणे तिकडून. नदी कुठून निघाली हे एकीलाही नीट माहीत नाही, पण नदी आपल्या माहेरावरून जाते ह्याबद्दल प्रत्येकीची खात्री. एकीचं माहेर मोहगावचं, तिनं नदी मोहगावला नेली. एक पांढुर्ण्याची. आता पांढुर्ण्याला कन्हान कुठून आणता, तिथं तर जाम नदी! मी सांगून पाहिलं. मला म्हणे, "तुमी चूप बसा भाऊ, तुमाले माहेर हाय काय?" घ्या! तिनं मूठभर चुरा घेतला आणि कन्हानला सरळ एक फाटा काढून पांढुर्ण्याला पोचवली. मग काय, फाट्याला फाटे. ज्या नदीला एक तोंड होतं तिला आता दहा पाय फुटले. अशी नदी ह्या पृथ्वीवर नाही. नंदिनी रडायची थांबली होती. चष्मा हातात धरून ती त्या बायांच्या मधोमध उकिडवी बसली आणि विचारायला लागली, हे कोणाचं गाव? आणि हे?

अशा ऐन वेळी शेषराव पाटील फाटकात उभे.

पाटलांना पाहताच बाया उठल्या. सगळ्या, एकदम, झटक्यात. पदर डोक्यावर गेले, हातातला चुरा तसाच मुठीत. जुनी सवय. ह्याच शेडात, ह्याच माणसासमोर त्या अशाच उठून उभ्या राहत आलेल्या. आणि क्षणात त्या पाहुण्या उरल्या नाहीत. मजूर झाल्या.

पाटलांनी कापूस पाहिला, बाया पाहिल्या. "बाई, हे काय? तुम्ही इथं कापूस साफ कराचं काम काढलं काय? मजुरीनं लावल्या ह्या?"

मला वाटलं, संपलं. आता ह्यात काय समजावून सांगणार? बाईंनी दुर्पताबाईकडे पाहिलं. दुर्पताबाई खाली फरशीकडे पाहत होती, आणि मग खाली पाहतच बोलली.

"काम नाही पाटील. आमी पाहाले आलो."

"पाहाले?"

"होव. खुला इतवार हाय ना."

पाटील गोंधळले. बायांना बसावं की जावं ते कळेना, सगळे नुसते उभे. तेव्हा बाई आपल्या त्या होस्टेलच्या आवाजात म्हणाल्या, "पाटील, चप्पल बाहेर काढा. अन् खाली बसा. तुम्ही बसले म्हणजे ह्या बसतीन."

सौंसर तालुक्यात पाटलांना असं कोणी बोललं नसेल. ते एकदा बाईंकडे पाहून राहिले. मग चप्पल काढली. गुडघ्याला हात देत, "अरे बापरे" करत, फरशीवर बसले, कापसाच्या कडेला. मी शिडीला धरून उभा. एक बाई बसली. मग दुसरी. दुर्पताबाई सगळ्यात शेवटी बसली. पाटलांनी बोट दाखवून विचारलं, "हे काय होय?"

"कन्हान," दुर्पताबाई म्हणाली.

"कन्हान अशी असते काय?"

"आमची अशीच हाय."

पाटील हसले. मग एक-दोघी हसल्या. मग भज्यांची परात फिरली, थंडगार झालेली, आणि पाटील जाईपर्यंत बाया परत माहेरावरून भांडायला लागल्या होत्या. जाताना ते बाईंना म्हणाले, "पोराले मी सांगतो. लॉनचं पाहू दुसरीकडे. लग्नात बी एवढ्या बाया निवांत बसत नाहीत, जेवल्या की पळतात." बाईंनी मान हलवली, बस. पण ते गाडीत बसून गेल्यावर त्या फाटकाच्या खांबाला टेकून उभ्या राहिल्या. मी खुर्ची सरकवली तर म्हणाल्या, "राहू द्या, काही नाही झालं."

नंदिनी काही त्या गाडीनं गेली नाही. बाईंनी तिला जेवल्याशिवाय सोडलं नसतंच, आणि जेवण होईपर्यंत गाडी गेली. पुढं ती ते सगळं काम गुंडाळून समुद्राकाठी घेऊन गेली, त्या दहा पायांच्या नदीसकट. वर्षाचा फोन आला की लोक येऊन पाहतात, विचारतात, पण कोणी हात लावत नाही. बाई म्हणाल्या, "तिकडचे लोक शिस्तीचे." आणि फोन ठेवून बराच वेळ हसत होत्या.

त्यानंतर बाया येत राहिल्या. पहिल्यांदा हाताला काही काम आहे का ते पाहायच्या, मग नुसत्याच बसायला लागल्या. दुर्पताबाई तर कलाकारांना जाब विचारायची. एका पोरानं नुसता काळा रंग फासला होता, त्याला म्हणाली, दिवा लावाले विसरला काय रे?

बाईंचे डोळे उतरत गेले. एका डोळ्याचं ऑपरेशन नागपूरला झालं, ते काही नीट बसलं नाही. पोरगा भोपाळला नोकरीला, त्यानं धोसराच लावला, आई, आता एकटी राहू नको. बाई टाळत राहिल्या, आणि मग एक दिवस अचानक हो म्हणाल्या. छिंदवाड्याहून भोपाळची गाडी इतवारची निघाली. महिन्याचा शेवटचा इतवार. हे त्यांनी मुद्दाम केलं की कसं, मी विचारलं नाही.

त्यांना छिंदवाड्याच्या बसपर्यंत सोडायला मी स्कूटर घेऊन गेलो. सामान पोरानं आधीच नेलेलं. वाटेत त्या म्हणाल्या, "पेंटर, शेडावरून घ्या." मी खूष झालो. म्हटलं, चला, बायांची भेट तरी होईल. शेडाजवळ पोचलो तर आतून कल्ला ऐकू येत होता. दुर्पताबाईचा आवाज सगळ्यांच्या वर, कोणाला तरी चांगलं झापून राहिली होती, आणि मग सगळ्या एकदम हसल्या. फाटक सताड उघडं. फाटकाशी कोणी नव्हतं.

बाईंनी फाटकाच्या अलीकडेच स्कूटर थांबवायला लावली. उतरल्या नाहीत. माझ्या खांद्याला धरून बसल्या बसल्या ऐकत राहिल्या.

मी म्हटलं, "बाई, चला ना आत. बसला अजून वेळ आहे."

"नको."

"अवो, भेटून तर घ्या. त्यांना वाईट वाटेल."

"नको पेंटर," बाई म्हणाल्या. "मी आत गेली तर त्या उठून उभ्या राहातीन."